नसलेला धूर

“खराडे, आत सिगारेट ओढताय का?”

आवाज संडासाच्या दारातून आला असता तर मी उत्तरच दिलं नसतं. पण तो झरोक्यातून आला. मी कमोडच्या झाकणावर उभा राहून, तोंड झरोक्याला लावून, अगदी शिस्तीत धूर बाहेर सोडत होतो. बाहेर म्हणजे मोकळ्या हवेत, असा माझा समज. पलीकडे भूल देणाऱ्या डॉक्टर उपाध्ये बाईंची खोली होती आणि झरोक्याच्या बरोबर खाली त्यांची खुर्ची.

“नाही बाई,” मी झरोक्यातून म्हणालो. त्या ‘नाही’बरोबर तोंडात उरलेला धूरही पलीकडे गेला.

“उतरा खाली. हळू उतरा, हर्निया आहे तुम्हाला.”

मिरजेतला दवाखाना. तासाभरात माझं ऑपरेशन व्हायचं होतं. पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता, तेव्हा निदान धूर तरी जावा, एवढाच माझा विचार.

बाईंच्या खोलीत गेलो तर शालन, म्हणजे आमची मंडळी, आधीच तिथं बसलेली. मांडीवर थर्मास, मान खाली. बाई चष्मा पुसत होत्या. अंगानं एवढीशी बाई, आवाज त्याहून बारीक. अशी माणसं फार वाईट. ती ओरडत नाहीत, त्यामुळे आपल्याला उलट ओरडताही येत नाही.

“रोज किती ओढता?”

“चार-पाच.”

“चार-पाचात यांचं सकाळचं पोट साफ होतंय,” शालन मान वर न करता म्हणाली. “दिवस त्याच्यानंतर सुरू होतो.”

“आज ऑपरेशन होणार नाही,” बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, “अहो, एका सिगारेटनं काय होतंय?”

“एका नाही. तुमच्या छातीत किती वर्षांचा कफ भरलाय ते मी सकाळीच नळीनं ऐकलं. भूल दिल्यावर तुम्ही खोकलात तर सर्जनच्या हातात आतडं उसळून येईल. शुद्धीवर आल्यावर खोकलात तर टाके तुटतील. मग तुम्ही परत माझ्याकडेच येणार. एक महिना एकही नको. मग बघू.”

“आणि चोरून ओढली तर तुम्हाला कसं कळणार?”

“आत्ता कसं कळलं?”

मी त्यांच्या डोक्यावरच्या झरोक्याकडं बघितलं.

मी साखर कारखान्यात मिल फिटर. बेअरिंग उचलताना हर्निया झाला, तेव्हा तो लिंबाएवढा होता. आता पेरूएवढा झाला होता. सर्जननं सांगितलं होतं की आतडं त्यात एकदा अडकलं तर काही तासांत खेळ खलास. बाईंनी दिलेली नवी तारीख होती दसऱ्याच्या आसपासची. त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखान्याचा बॉयलर पेटणार होता. गळीत हंगाम एकदा सुरू झाला की फिटरला रजा फक्त दोन कारणांनी मिळते, स्वतः मेला तर किंवा कारखाना बंद पडला तर. म्हणजे ही तारीख हुकली की थेट उन्हाळा. तोवर तो पेरू घेऊन रोज मिलखाली वाकायचं.

“महिना म्हणजे काय मोठंसं,” मी एस्टीत शालनला म्हणालो.

ती खिडकीबाहेर बघत होती. “मला नाही तुमच्यावर विश्वास,” एवढंच म्हणाली. ते ती रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. पण पाऊस आज येणार नाही असं म्हणावं तसं ती म्हणाली.

खरं संकट मी तिला अजून सांगितलंच नव्हतं. संकटाचं नाव होतं नेमगोंडा माणगावे.

माणगावे आमच्या कारखान्याचा टाइमकीपर आणि कामगार कला मंडळाचा लेखक-दिग्दर्शक. सांगलीला दर वर्षी कामगारांची नाट्यस्पर्धा व्हायची. दर वर्षी माणगावे नाटक लिहायचा आणि दर वर्षी आम्ही उत्तेजनार्थसुद्धा न मिळवता टेम्पोतून परत यायचो. त्या वर्षीचं नाटक होतं ‘जबानी’. एक इन्स्पेक्टर, एक आरोपी, एक हवालदार. इन्स्पेक्टर दोन अंक नुसता सिगारेटी ओढतो आणि आरोपीला घाम फोडतो. इन्स्पेक्टर मी. माझी निवड अभिनयासाठी झाली नव्हती. धुराची वर्तुळं कारखान्यात माझ्याइतकी गोल कुणाची निघत नव्हती, म्हणून झाली होती. आणि प्रयोग होता ऑपरेशनच्या चार दिवस आधी.

“माणगावे, सिगारेट काढून टाक नाटकातनं,” मी सांगितलं.

“सिगारेट काढली तर इन्स्पेक्टरचं राहतंय काय? टोपी?”

“मग दुसरा माणूस घे.”

“संहिता मुंबईला सेन्सॉरकडून पास झालीय. एक शब्द हलवला तर गुण कापतात. पाठांतर तुझं झालंय. आता नवीन इन्स्पेक्टर काय सुगीत उगवणार आहे व्हय?” मग तो आवाज उतरवून म्हणाला, “बाळासो, तू माझा घात करू नकोस. मी एक इलाज काढतो.”

इलाज असा निघाला की त्यानं एका वैद्याकडून औषधी विड्या करून आणल्या. ओवा, तुळस, हळद आणि कापूर. तंबाखूचा कण नाही. तालमीत मी पहिली पेटवली आणि मंडळाच्या खोलीत असा काही दरवळ उठला की वसाहतीतले सर्दी झालेले लोक तालमीला येऊन बसायला लागले. पडशानं नाक चोंदलेली एक म्हातारी रोज पुढच्या रांगेत बसून माझा धूर ओढायची. तिला इतकं बरं वाटलं की माणगावेचं नाटक फार चांगलं आहे असं ती सगळीकडे सांगत सुटली. त्याच्या नाटकाला मिळालेली ती पहिली दाद.

पण शालनला वास लागला. तिनं किराणा दुकानातून मिरजेला फोन लावला. “बाई, तुळशीची विडी चालंल का?”

बाईंचा बारीक आवाज रिसिव्हरमधून मलाही ऐकू आला. “धूर तो धूर. तुळशीचा असला तरी.”

म्हातारी हिरमुसली. माणगावे तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मधल्या काळात माझी जी दशा झाली ती काय सांगू. सिगारेट सुटत होती, पण हाताला ते कुणी कळवलं नव्हतं. हात सारखा खिशात जायचा आणि रिकामा बाहेर यायचा, नोकरीवरून काढलेल्या माणसासारखा. लवंगा चघळून जीभ बधिर झाली. उसाची कांडी चावून दात हलायला लागले. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज आवडला नाही म्हणून मी रेडिओला चप्पल मारली. आणि कारखान्यात ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता. कधीही सिगारेट न ओढलेली माणसं मला सिगारेट कशी सोडावी ते सांगायची, आणि जी रोज ओढायची ती सांगताना माझ्या तोंडावर धूर सोडायची.

एकटा बाबालाल मुल्ला काही बोलला नाही. बाबालाल माझा पाळीतला जोडीदार. वर्षानुवर्षं आम्ही एकाच काडीवर दोन सिगारेटी पेटवलेल्या. मी सोडल्यापासून तो शेडच्या मागं जाऊन ओढायचा आणि परत येताना बडीशेप खाऊन यायचा. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव असायचा की मी वारलो आहे आणि त्याला सुतक आहे.

शेवटी इलाज शालननंच काढला. पांढऱ्या कागदाच्या सुरळ्या केल्या, आत अंगाला लावायची पावडर भरली, टोकाला कुंकवाचा ठिपका दिला. फुंकलं की पांढरा लोट बाहेर. माणगावे खोलीच्या टोकाला जाऊन उभा राहिला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, “वहिनी, धूरच की हो!”

“फक्त एक लक्षात ठेवा,” शालन मला म्हणाली. “आत ओढायचं नाही. फुंकायचं.”

एकदा चुकून मी आत ओढलं होतं. माझ्या खोकल्यात तासभर मोगऱ्याचा वास येत होता.

तर अशी तालीम बसली. बाबालाल हवालदार. त्याला अख्ख्या नाटकात एकही वाक्य नव्हतं. साहेबानं पाकिटातून सिगारेट काढली की पुढं यायचं, काडी ओढायची, साहेबासमोर धरायची, सलाम ठोकून मागं जायचं. आणि काडी समोर आली की मी फुंकायचं. सामानाची जबाबदारीही त्याच्याकडेच. माणगावे स्वतः आरोपी. मार खायची भूमिका दुसऱ्या कुणावर विश्वासानं सोपवता येत नाही, असं त्याचं मत होतं.

प्रयोगाच्या रविवारी आम्ही टेम्पोतून सांगलीला गेलो. टेबल, खुर्ची, स्टूल, पुढं शालन आणि दोन-चार बायका. नाट्यगृह चांगलं चारशे माणसांचं, आणि गच्च भरलेलं. माणगावेनं मेकपच्या खोलीत सगळ्यांना दम दिला, “प्रयोगाआधी नटाला कुणी काही वाईट सांगायचं नाही. घरी आग लागली असली तरी सांगायचं नाही!” त्याचा हा नियम मंडळात सगळे देवाचा असल्यासारखा पाळायचे.

पडदा उघडला. मी टेबलामागं. पोलिसी पट्टा नेमका त्या पेरूवर आवळलेला. समोर स्टुलावर माणगावे, हात बांधलेले. मी पहिलं वाक्य टाकलं, टेबलावरचं पाकीट उचललं, सिगारेट ओठांत धरली. बाबालाल ताड ताड चालत आला. काडी पेटली. मी फुंकलं.

काडी विझली. पावडर आली नाही.

मी पुन्हा फुंकलं. काही नाही. आणि मग जिभेला चव लागली.

ती चव नुसत्या तोंडओळखीची नव्हती, नात्यातली होती. निपाणीच्या तंबाखूच्या बाजारात उभं राहिल्यासारखा वास नाकात शिरला. मी डोळे खाली करून पाहिलं. माझाच ब्रँड. सिगारेट खरी होती.

झालं होतं असं की टेम्पोत बाबालाल त्या पाकिटावरच बसला होता. नाट्यगृहावर आल्यावर बघतो तर शालनच्या सगळ्या सुरळ्या चपट्या आणि चड्डीला मोगऱ्याचा वास. पळत जाऊन त्यानं पानपट्टीवरून खरं पाकीट आणलं आणि टेबलावर ठेवलं. मला सांगायला निघाला, आणि त्याला माणगावेचा नियम आठवला. वाईट बातमी, नटाला, प्रयोगाआधी. म्हणून तो इमानदारीत गप्प बसला.

आता मात्र दातांतल्या दातांत तो बोलत होता. “ओढ की लेका! खरी हाय!”

त्यानं दुसरी काडी पेटवली.

आयुष्यात इतकी बिनगुन्ह्याची सिगारेट माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. लेखकानं ती लिहिली होती. सरकारनं तिच्यावर शिक्का मारला होता. चारशे माणसं ती मी ओढावी म्हणून तिकीट काढून बसली होती. शालन अंधारात कुठंतरी होती, पण तिच्या लेखी ती पावडर होती. ओढली असती तर जगात एका माणसानं मला दोष दिला नसता. उलट न ओढण्यात सगळ्यांचं नुकसान होतं. काडी जळत बाबालालच्या बोटापर्यंत आली. ओठ आपोआप आवळले गेले. एक झुरका, फक्त एक, आणि वर्तुळ असं गोल काढलं असतं की पहिल्या रांगेपर्यंत गेलं असतं.

मी काडी फुंकून विझवली.

कशी, ते मला आजही सांगता येत नाही. पण विझवली.

बाबालालनं माझ्याकडं असं पाहिलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्यानं तिसरी पेटवली. मी तीही विझवली. आता प्रेक्षकांत कुणीतरी खुदकन हसलं. माणगावे स्टुलावर बसून मला डोळ्यांनी शिव्या घालत होता. आणि पुढचं वाक्य माझं होतं. ते बदलता येणार नव्हतं, गुण कापले गेले असते. मी न पेटलेली सिगारेट दोन बोटांत धरली, टेबलावरून वाकलो, छताकडं नुसती हवा सोडली आणि म्हणालो,

“हा धूर बघतोस?”

नाट्यगृहात पंख्यांचा आवाज येत होता. धूर नव्हताच. माणगावेनं वर पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्याच्या चार महिन्यांच्या कष्टाचं मातेरं होत होतं आणि त्याचं पुढचं वाक्य मुंबईहून पास होऊन आलेलं होतं. भीतीनं अक्षरशः थरथरत तो म्हणाला,

“बघतोय साहेब.”

“असाच विरून जाशील. दिसतोय ना?”

“दिसतोय साहेब! सगळं दिसतंय!”

इतका सुंदर अभिनय माणगावेनं त्याआधी कधी केला नव्हता आणि त्यानंतरही नाही. मग मागच्या रांगेतून टाळी आली, आणि मग अख्खं नाट्यगृह कडाडलं. आम्ही तिघं दचकलो. मंडळाला टाळ्यांची सवय नव्हती.

बाबालालला मात्र टाळ्यांशी घेणंदेणं नव्हतं. त्याचं काम काडी पेटवायचं होतं आणि ते तो करत राहिला. दर सिगारेटीला काडी, दर काडीला फुंकर. दर वेळी तो सलाम ठोकून, हताश होऊन मागं जायचा. अंक संपता संपता एक काडी त्याच्या बोटाला चांगलीच चावली. “आयला!” असं तो ओरडला. त्या हवालदाराला मिळालेलं नाटकातलं तेवढंच वाक्य. त्यालाही टाळी पडली.

मध्यंतरात माणगावेनं विंगेत माझी कॉलर धरली. “धूर कुठाय? धूर कुठाय माझा?”

“त्या सिगारेटी खऱ्या आहेत,” मी म्हणालो.

“मग पेटव की!”

“नाही.”

“अरे, एकीनं काय होतंय? मी दुसरा डॉक्टर बघून देतो तुला! माझ्या साडूचा दवाखाना आहे तासगावला!”

“तो जनावरांचा डॉक्टर आहे.”

“मग काय झालं? हर्निया तो हर्निया!”

बाबालाल मधे पडला. “चूक माझी हाय. मी बसलो त्येच्यावर.” त्याचं जळकं बोट तोंडात होतं. “पण बाळू, लेका, खरं सांग. तलफ न्हाई आली?”

“आली.”

“मग?”

मी पट्टा सैल करत राहिलो. बोलायला लागलो असतो तर त्याच्याकडून एक मागून घेतली असती. माणगावे मला पुन्हा धरणार, एवढ्यात स्पर्धेच्या आयोजकांपैकी एक गृहस्थ धापा टाकत विंगेत आले.

“माणगावे कोण? परीक्षक विचारतायत, ही न पेटणाऱ्या सिगारेटची कल्पना कुणाची?”

माणगावेनं माझी कॉलर सोडली. नुसती सोडली नाही, सरळ करून दिली.

“माझी,” तो म्हणाला.

गृहस्थ गेले. माणगावे माझ्याकडं वळला, बोट माझ्या छातीवर रोवलं आणि म्हणाला, “बाळासो, दुसऱ्या अंकात पेटवलीस तर खून करीन.”

दुसरा अंक पहिल्यापेक्षा जास्त रंगला. निकाल त्याच दिवशी लागला, कारण आमचं त्या केंद्रावरचं शेवटचं नाटक होतं. सगळ्यात म्हातारे परीक्षक माइकसमोर उभे राहून बराच वेळ बोलले. सत्ता म्हणजे काय, तर नसलेला धूर दिसतोय असं माणसाला म्हणायला लावणं. ते हवालदाराबद्दलही बोलले. पुन्हा पुन्हा विझणारी काडी म्हणजे सामान्य माणसाची आशा. बाबालाल माझ्या कानाशी म्हणाला, “काय म्हनत्यात?” मी म्हटलं, “तुझं कौतुक.” “आन् बोटाचं?” “त्याचंही.” दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस माणगावेला मिळालं. तो हात जोडून म्हणाला, “ही कल्पना सुचायला मला चार महिने लागले.” मला काहीच मिळालं नाही. परीक्षकांच्या मते इन्स्पेक्टरच्या चेहऱ्यावरची ती विलक्षण तळमळ हे दिग्दर्शकाचं यश होतं.

टेम्पोत सगळे गात होते. शालन पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती, पावडर दमट होऊन अडकली एवढाच तिचा समज. मी कुणाला काही सांगितलं नाही. माझ्या खिशात ते पाकीट होतं. कृष्णेच्या पुलावर टेम्पो आला तेव्हा मी ते बाबालालच्या हातात दिलं. त्यानं ते उघडून पाहिलं, सगळ्या सिगारेटी मोजल्यासारख्या बोटानं चाचपल्या, आणि न ओढता शर्टात ठेवून दिल्या.

चार दिवसांनी सकाळी मी मिरजेला दवाखान्यात पलंगावर बसलो होतो. अंगात त्यांचा तो हिरवा झगा. शालन बाजूला. उपाध्ये बाई आल्या, नळी कानाला लावली.

“श्वास घ्या. सोडा. पुन्हा.” त्या पाठीवर नळी इकडून तिकडे फिरवत बराच वेळ ऐकत राहिल्या. “खोका.”

मी खोकलो. कोरडाच निघाला, एवढासा. एका मिल फिटरच्या छातीतून इतका सभ्य खोकला निघू शकतो हे मलाही नवीन होतं.

“एकही नाही ओढली?” त्यांनी विचारलं.

“नाही बाई.”

मला वाटलं आता ही बाई तोंडाचा वास घेईल, नखं बघेल, झडती घेईल. पण त्यांनी नळी गळ्यात टाकली आणि म्हणाल्या, “माहीत आहे मला. मी तिथं होते.”

“कुठं?”

“रविवारी. तिसऱ्या रांगेत. तुमच्या मिसेसनी पास आणून दिला होता.”

मी शालनकडं बघितलं. ती थर्मासचं झाकण फिरवत होती.

“पहिली काडी विझली तेव्हा तुम्ही ओठांवरून जीभ फिरवलीत,” बाई म्हणाल्या. “तंबाखू लागली की माणूस फिरवतो तशी. मला कळलं, सिगारेट खरी आहे. मग दुसरी काडी आली. मी म्हटलं, झालं, गेली ही तारीखसुद्धा. माझ्या शेजारचे गृहस्थ सारखे ‘काय प्रतीक आहे, काय प्रतीक आहे’ करत होते. मी त्यांना सांगितलं, अहो कसलं प्रतीक, तो माझा पेशंट आहे.” त्यांनी गळ्यातली नळी सारखी केली. “पहिली टाळी माझी होती, खराडे. उठून मागं जाऊन उभी राहिले होते मी. बसवेना.”

शालनच्या हातातलं झाकण खाली पडलं. “म्हणजे? माझ्या पावडरच्या नव्हत्या त्या?”

“तू यांना पास दिलास आणि मला सांगितलं नाहीस?” मी विचारलं.

“सांगणारच होते हो! त्यासाठीच तर दिला. म्हटलं, बाई समोर बसल्यात हे कळलं की तुम्ही घाबरून वाकडं काही करणार नाही.” ती ओशाळली. “पण टेम्पोत बसायच्या गडबडीत सांगायचं राहूनच गेलं.”

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. “म्हणजे मी तिथं आहे हे यांना माहीतच नव्हतं?”

“नव्हतं,” शालन म्हणाली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. लग्नाला तेव्हा सोळा-सतरा वर्षं झाली असतील. तशी ती माझ्याकडं त्याआधी बघितल्याचं मला आठवत नाही. “कुणालाच माहीत नव्हतं,” ती हळूच म्हणाली.

बाईंनी उगाच चष्मा काढून पुन्हा घातला.

“चला,” त्या म्हणाल्या.

वॉर्डबॉयनं चाकाची खाट आणून लावली. मी त्या खाटेकडं बघितलं आणि पलंगावरून उतरलो.

“नको. मी चालत येतो.”

“अहो, पद्धत आहे तशी,” वॉर्डबॉय म्हणाला. बाईंनी हातानंच त्याला गप्प केलं.

मी निघालो. दोन्ही बाजूंच्या बाकांवर पेशंट, त्यांचे नातेवाईक, डबे घेऊन आलेली माणसं. सगळी माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, बरोबर आहे, बघायलाच पाहिजे. त्या झग्याला पाठीमागं नाड्या असतात आणि त्या कुणीतरी बांधायच्या असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“अहो!” शालन मागून ओरडली. “थांबा! मागनं सगळं उघडं आहे!”

“बघू दे,” मी म्हणालो, आणि छाती काढून चालत राहिलो.